गाडा कुणाचा?

'घाट' या शब्दाइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नसेल. कोकणातल्या माणसाने तो ऐकला की त्याला एसटीची वळणे आणि पोटातली मळमळ आठवते. नाशिक-पैठणच्या माणसाला दगडी पायऱ्या आणि ओली धोतरे आठवतात. आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे मात्र पौषापासून वैशाखापर्यंत एखादा माणूस घरात सापडला नाही आणि 'घाटात गेलाय' असे उत्तर मिळाले, तर समजावे की कुठल्या तरी गावची जत्रा आहे, आणि स्वारी आता गुलालात न्हाऊन आणि घसा बसवूनच परत येणार.

आमचा घाट म्हणजे माथ्याकडे चढत जाणारी, दोन्ही बाजूंनी बांध घातलेली धाव. खाली गाडा जुंपायचा, वर निशाण धरून पंच उभे. गाड्याला दोन बैल, त्यांच्या पुढे आणखी दोन, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याही पुढे घोडीवर बसलेला एक पोरगा. गाड्यात कोणी बसत नाही, हे परगावच्या पाहुण्याला दोनदा सांगावे लागते. सांगली-साताऱ्याकडे गाडीवान गाडीत असतो आणि गाड्या शेजारी शेजारी पळतात. विदर्भात शंकरपटाची तऱ्हा आणखी निराळी. आमच्याकडे एका वेळी एकच गाडा पळतो आणि तो पळतो घड्याळाशी. या एका पळण्याला 'बारी' म्हणतात. जुंपताना आठ-दहा माणसे बैलांना लोंबकळलेली असतात, मग कोणी तरी ओरडतो, हात सुटतात, ध्वनिक्षेपकातून तो लांबलचक 'भिर्रर्र' उठतो, आणि आपण नीट डोळे उघडून पाहीपर्यंत धुरळा वर पोचलेला असतो. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा! त्यासाठी माणसे चार-चार तास उन्हात उभी असतात. मी पुण्यात तीस वर्षे मास्तरकी केली; पस्तीस मिनिटांच्या तासात पोरांचे लक्ष बारा सेकंद टिकवण्यासाठी काय काय करावे लागते ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या बैलांविषयी मला पहिल्यापासून आदर आहे.

माझे माहेर महाळुंगे पडवळ. हुतात्मा बाबू गेनूंचे गाव म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला ओळख पटते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झालेला तो गिरणी कामगार आमच्या गावचा. पुढे डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचेच नाव दिले. पण ही ओळख परमुलखासाठी. पंचक्रोशीत सोयरीक जमवताना दुसराच प्रश्न पुढे येतो: 'गाडा हाये का तुमचा?' आमचा होता. वडिलांचा होता, नंतर दादाचा झाला.

आता या मजकुरात अमेरिका कशी शिरली ते सांगते. माझा मुलगा ह्यूस्टनला असतो. तिथे दर मार्चमध्ये गुराढोरांचे मोठे प्रदर्शन भरते आणि त्यात रोडिओ असतो. १९३२ पासून चालत आलेली ही त्यांची जत्राच म्हणा. मुलगा तो बघून आला आणि त्याने फोन केला, "आई, तुझ्या माहेरचा घाट इथे छपराखाली भरतो!" एवढ्यावर न थांबता त्याने दोन जुन्या, काळ्यापांढऱ्या दूरचित्रवाणी मालिका शोधून मला पाठवल्या. दोन्ही १९६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झालेल्या, दोन्ही रोडिओच्या घोडेस्वारांवर आणि दोन्ही एकेक हंगाम चालून १९६३ साली बंद पडलेल्या. एकीचे नाव 'स्टोनी बर्क'. तिच्यात जॅक लॉर्ड हा नट जगज्जेत्याच्या सोन्याच्या बक्कलाचा ध्यास घेऊन गावोगाव हिंडतो. दुसरी 'वाइड कंट्री'. तिच्यात दोन भाऊ: थोरला नावाजलेला स्वार, आणि धाकट्याने या नादाला न लागता शिकून काही तरी व्हावे म्हणून धडपडणारा.

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा पडवीत रात्री हा कार्यक्रम लावला. प्रेक्षक: दादा, वहिनी, माझा भाचा, आणि शेजारची दोन पोरे. भाषांतराचे काम अर्थात माझ्याकडे. घोडा उसळू लागला, स्वार एका हाताने दोर धरून वर-खाली आपटू लागला, आणि काही क्षणांत खाली येऊन टोपी झटकू लागला. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घोड्याचं नाव न्हाई सांगितलं." मी म्हटले, गोष्ट माणसाची आहे, दादा. तो म्हणाला, "मंग घोडा कशाला आणला?"

मला हसू आले, पण नंतर मी चौकशी केली तेव्हा दादाचा प्रश्न फार अडाणी नव्हता असे दिसले. रोडिओचे पंच गुण देतात ते निम्मे स्वाराला आणि निम्मे जनावराला. आजच्या हिशेबात शंभरांपैकी पन्नास गुण घोडा किती जोमाने उसळला याचे! म्हणजे मैदानावर ज्याचा अर्धा वाटा, त्याला पडद्यावर नावही नाही. आणि बक्कलाचे म्हणाल तर त्या खेळातला जगज्जेता ठरतो तो हंगामात कोणी किती डॉलर कमावले यावर. गोष्टीत मात्र डॉलरपेक्षा बक्कल बरे दिसते. त्याला मी नावे ठेवत नाही; आमच्याकडेही बक्षिसाची मोटरसायकल भाच्याच्या फोनमध्ये कोपऱ्यात दिसते आणि मध्ये असतो गुलाल.

आणखी एक गोष्ट त्या पडद्यावर नव्हती. 'रोडिओ' हा शब्दच मुळी स्पॅनिश. गुरांना गराडा घालून गोळा करणे असा त्याचा अर्थ. दोर फेकण्यापासून खोगिरापर्यंत सगळी विद्या मेक्सिकन गुराख्यांची. काळ्या गुराख्यांनी तर या खेळाचा एक अख्खा प्रकार दिला: बिल पिकेट नावाचा काळा गुराखी धावत्या बैलाच्या अंगावर उडी घेऊन, त्याचा ओठ दातांत धरून त्याला लोळवी, आणि त्यातून शिंगे धरून बैल पाडण्याची स्पर्धा निघाली. पण राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत पोचणारा पहिला काळा स्वार मायर्टिस डाइटमन. त्याला तिथवर जायला १९६० चे दशक उजाडले. या दोन मालिकांचे नायक गोरेपान. ज्यांनी दोर वळला त्यांच्या हाती चित्रात दोरही नाही.

हे वाचून 'बघा, अमेरिकेत असे!' म्हणण्याची सोय आपल्याला नाही. आमच्या घाटात ध्वनिक्षेपकावर नाव पुकारतात ते गाडामालकाचे. त्याच्या बापाचे पुकारतात, गावाचे पुकारतात, गावच्या दैवताचेही पुकारतात. ज्याने हलका आणि तरी न मोडणारा गाडा घडवला त्या सुताराचे नाव मी कधी ऐकलेले नाही. सकाळपासून हलगी बडवून ज्यांचे तळहात सुजले त्यांचेही नाही. दावी आता नायलॉनची आली, त्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या वळणाऱ्यांचा प्रश्नच मिटला!

मराठी चित्रपटानेही यात फारसे निराळे केले नाही. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आठवा. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्याच्या कथेत बैलगाडीच्या शर्यतीतली हारजीत हेच पाटलाच्या वैराचे बी आहे. शर्यत म्हटली की ईर्षा, ईर्षा म्हटली की पाटील, आणि पाटील म्हटला की सूड, असे आपल्या ग्रामीण चित्रपटाचे गणित पुढे बसूनच गेले. ते खोटे आहे असे नाही. घाटावरून उठलेली भांडणे मी पाहिली आहेत. एकदा तर एका सेकंदाच्या शंभराव्या भागावरून दोन सख्खे साडू तीन वर्षे बोलत नव्हते. पण चार बैल जुंपलेल्या गाड्यात ते चारही बैल एका घरचे क्वचितच असतात, हे कुठल्याच चित्रात आले नाही. एक आमचा, एक मामांचा, एक पलीकडच्या वाडीतला, आणि चौथा कुणाच्या तरी ओळखीने मागून आणलेला. याला 'पैरा' म्हणतात. पेरणीला, खळ्याला जसा पैरा, तसाच घाटाला. आज तुझा बैल माझ्या गाड्याला, परवा माझा तुझ्या. स्टोनी बर्क एकटा घोड्यावर बसतो आणि एकटाच पडतो. त्यातच त्याचा मोठेपणा. आमच्या घाटात एकट्याने काहीच होत नाही. ज्याचे कोणाशी पटत नाही त्याच्या दावणीला सोन्याचा बैल असला तरी त्याची बारी व्हायची नाही. गावातले निम्मे तंटे शर्यतीने लावले हे खरे, आणि उरलेले निम्मे पैरा हवा म्हणून मिटले, हेही मी पाहिले आहे. पण पुकारताना नाव एकाच घराचे!

मग न्यायालय आले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंगतीला आमचा बैल बसला. (यांतला बिबट्या आमच्या उसात मुक्कामालाच असतो आणि कोणी सांगितल्याशिवाय खेळ करतो, पण ते असो.) ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. त्या निकालपत्रात आमच्या बैलाचे आणखी एक चित्र आहे: शेपूट पिरगाळलेला, पराणीने टोचलेला, धावण्यासाठी मुळीच न घडलेला एक शांत प्राणी. गावात तेव्हा फार संताप झाला. 'साहेबलोकांनी बैल कधी पाहिला का' वगैरे पारावर पुष्कळ बोलले गेले. मला त्या संतापात भाग घेता आला नाही. लहानपणी मी बांधावर बसून जे पाहिले आहे त्यात पराणीही होती, आणि शेपटीला दात लावणारा एक शूर पुरुषही होता. बिल पिकेटला मी ओळखले ते त्याच्यामुळे. चित्र खोटे नव्हते. फक्त त्या चित्रात बैलाच्या वर्षातले ते बारा सेकंद होते, आणि त्याच्या कौतुकाच्या चित्रातही नेमके तेच बारा सेकंद होते. उरलेल्या वर्षाचे काय, हे दोघांनीही विचारले नव्हते.

उरलेले वर्ष वहिनीच्या अंगावर असते.

दादाचा हिऱ्या २०१४ च्या चैत्रात ऐन भरात होता. पाच वर्षांचा, पांढराशुभ्र, वशिंड असे की हात ठेवावासा वाटावा. जत्रेत त्या वर्षी तो पळाला आणि पहिल्या नंबरात बसला. पुढे महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागला आणि हिऱ्या गोठ्यात उभा राहिला तो सात वर्षे. दादा सभांना जाऊ लागला, मोर्चांना जाऊ लागला. २०१७ साली राज्याने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. दादा पुन्हा मोर्चाला. या सगळ्या काळात पहाटे चारला उठून हिऱ्याला हुलगे भरडून घालणारी, त्याचे शेण काढणारी, पावसाळ्यात त्याच्या खुरांत किडा पडू नये म्हणून कडुनिंबाचे पाणी करणारी बाई कुठल्याही मोर्चात नव्हती. दुधाची चरवी तिने सकाळी बैलाला दाखवायची आणि नातवंडांना चहात बुडवून चपाती द्यायची, हेही त्या घराने पाहिले. वसुबारसेला ती गाईची पूजा करी आणि मग ताट घेऊन हिऱ्याकडेही जाई. मी एकदा म्हटले, "वहिनी, वसुबारस गाईवासराची." ती म्हणाली, "वन्सं, ह्याचा पोळा बी मीच करते. भादव्यातल्या अवसेला तुमचे दादा मुंबैला असतात." आमच्याकडे पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदात असतो, आणि मोर्चे बाराही महिने असतात.

विकायचा विचार झाला नाही असे नाही. पण २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. ट्रॅक्टरने नांगर केव्हाच हिरावला होता. तेव्हा शर्यतीविना बैल कोण घेणार आणि घेऊन काय करणार, याचे उत्तर कायद्याने दिले नव्हते आणि पारानेही दिले नव्हते.

१६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. गावात फटाके वाजले. आता नियम आहेत: धाव हजार मीटरांपेक्षा मोठी नको, काठी नको, चाबूक नको, पराणी तर नकोच, बैलाला आधी डॉक्टरांनी पाहायला हवे. घाटावर या नियमांची पुष्कळ चेष्टा ऐकू येते. मला विचाराल तर सगळ्या भांडणातून निघालेली चांगली गोष्ट हीच आहे. ज्या बैलाला पराणी लागते तो घाटाचा बैल नव्हेच, असे माझे वडील म्हणत. सर्वोच्च न्यायालय फक्त उशिरा त्यांच्याशी सहमत झाले.

पण हिऱ्या तेव्हा चौदाचा झाला होता, आणि दादाला नवा खोंड हवा होता. किंमत ऐकून मी गप्पच बसले. तेवढ्यात पुण्यात माझ्या वेळी एक खोली आली असती. दादाने वहिनीच्या पाटल्यांकडे पाहिले. भाचा तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने जाहीर केले की परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते, हंगाम परत येत नाही. तो फार हुशार पोरगा आहे. घाटातले सगळे सेकंद त्याला तोंडपाठ आणि थर्मोडायनॅमिक्सचे एक सूत्र नाही.

त्याच मुक्कामात आम्ही पडवीत 'वाइड कंट्री' पाहत होतो. थोरला भाऊ धाकट्याला समजावतो आहे: तू शिक, हे आयुष्य नव्हे, हाडे मोडतात, घर राहत नाही. मी तन्मयतेने भाषांतर करत होते, कारण ऐकणाऱ्यांत कोणाला ते ऐकवायचे ते मला ठाऊक होते. भाचा भिंतीकडे पाहत होता. दादा विडी शोधत होता. वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "थोरला म्हनतो धाकट्यानं शिकावं. मंग हा का चढतो पुन्यांदा घोड्यावर?"

मी म्हटले, "तो चढला नाही तर मालिका संपेल, वहिनी."

"संपू द्या की," ती म्हणाली, "त्याची आई झोपंल तरी."

त्या मालिकेत त्यांची आई आहे की नाही, मला आठवेना. माझ्या पाहण्यात तरी आली नव्हती. पडवीत कोणी काही बोलले नाही. वहिनीने सूप झटकले आणि पुढे, जणू तांदळातल्या खड्याविषयीच बोलते आहे अशा स्वरात, म्हणाली की पाटल्या द्यायच्या नाहीत. बैल हवा तर चौघांत भागीने घ्या. पैरा करता येतो तर भागीही करता येईल. आणि पोराचा निकाल लागेपर्यंत तो खोंड या गोठ्यात यायचा नाही, भागीदाराच्या गोठ्यात राहील. कारण इथे आला तर त्याचे शेण कोण काढणार ते तिला माहीत आहे. पस्तीस वर्षांत वहिनीने दादाशी इतकी वाक्ये सलग बोललेली मी ऐकली नव्हती. दादाने विडी पेटवली नाही, नुसती हातात धरून बसला.

खोंड भागीत आला. भाचा दुसऱ्या खेपेला पास झाला, आता चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि रविवारी घाटात जातो. त्याच्या फोनवर स्वतःच्या बाऱ्यांची चित्रे आहेत, मागे गाणे लावलेली. बारीचा आवाज त्यात ऐकूच येत नाही. अलीकडे काही मुली घोडीवर बसून गाड्यापुढे धावल्या, तीही चित्रे त्याने मला कौतुकाने दाखवली. मी विचारले, तुझ्या आईने घाट पाहिलाय का रे? तो विचारात पडला. वहिनी पस्तीस वर्षे या घरात आहे. तिने घाट पाहिला आहे तो लांबून, शेतातून, धुरळा म्हणून.

गेल्या पोळ्याला मी मुद्दाम गेले होते. हिऱ्या आता सोळाचा आहे. शिंगांना हिंगूळ लावून, पाठीवर जुनीच झूल घालून वहिनीने त्याला अंगणात उभा केला होता. मंचरकडची दोन पोरे फोन घेऊन आली. बंदीच्या आधीचा बैल म्हणून त्यांना त्याचे चित्रण हवे होते. एकाने खिशातून गुलालाची पुडी काढली. वहिनी म्हणाली, "त्यो लावू नका. डोळ्यात जातोय त्याच्या, दोन दिस पाणी गळतंय." मग त्यांनी दादाला बैलाशेजारी उभे केले, फेटा सारखा केला, आणि "काका, नाव सांगा, गाव सांगा, गाडा कुणाचा ते सांगा," म्हणून सुरुवात केली. दादाने घसा खाकरला. इतक्यात वहिनी पुरणपोळीचा घास घेऊन घराच्या दारात आली आणि हिऱ्याने दादाच्या हातातून कासरा ओढून घेतला व सरळ दाराकडे चालू लागला. पोरे ओरडली, काका, धरा! दादा म्हणाला, "आता न्हाई थांबायचा. आधी खाऊ द्या त्याला." पोरे ओट्यावर बसली. वहिनीने त्यांनाही पोळी वाढली आणि तुपाची वाटी पुढे सरकवून गोठ्यात पाणी ठेवायला गेली.